मेव्हिसच्या उतारावरचा ढीग

सिडनीचा रस्ता संपून जंगल सुरू होतं तिथे ब्लडवुड रिज नावाची छोटी वस्ती आहे. इथल्या लोकांचं निसर्गावर अतोनात प्रेम. ते बहुतेकांनी मोटारीच्या मागच्या काचेवर चिकटवलेलंही आहे. अशा या वस्तीत क्लाइव्ह टकवेल या निवृत्त बसचालकाने सप्टेंबरातल्या एका शनिवारी अंगणात पालापाचोळा पसरला आणि त्याचं घर कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याचं झालं.

पाचोळा नगरपालिकेनेच दिला होता, तोही फुकट. वादळात पडलेल्या निलगिऱ्यांचा यंत्रात भुगा करायचा आणि जो फोन करील त्याच्या दारात ट्रकभर ओतून जायचं, ही इथली पद्धत. क्लाइव्हला बागेची तशी हौस नव्हती. पण त्याची बायको मेव्हिस खुब्याची शस्त्रक्रिया होऊन पुनर्वसन केंद्रात पडून होती आणि येत्या शुक्रवारी घरी यायची होती. व्हीलचेअरसाठी त्याने पुढच्या दाराला लाकडी उतार स्वतः ठोकून तयार केला होता. केंद्राच्या बाईंनी येऊन, त्यावरून दोनदा चालून, तो मंजूरही केला होता. उताराशिवाय मेव्हिसला सोडणार नाही, असा नियम होता. मागच्या दाराला खडकातल्या पायऱ्या. तिथून सुटलेली खुर्ची थेट खालच्या ओढ्यात थांबली असती. बायको येतेय तर अंगण जरा बरं दिसावं, एवढीच त्या माणसाची इच्छा.

रविवारी सकाळी रानटर्की आला. काळाभोर, लाल बोडक्या डोक्याचा, गळ्यात लोंबणारी पिवळी कातडी. या जातीत नर पाचोळ्याचा डोंगर रचतो, माद्या त्यात अंडी घालून चालत्या होतात, आणि ऊब बरोबर आहे ना हे नर दिवसभर चोच खुपसून पाहत बसतो. या नराने अंगणातला सगळा भुगा पायांनी मागे उडवत उडवत उतारावर नेऊन घातला. संध्याकाळपर्यंत उतार दिसेनासा झाला. सोमवारी दाराची मूठही गेली.

क्लाइव्हने फावडं उचललं, तोच कुंपणापलीकडून लॉर्ना पेटिफर कडाडली, "ठेव ते फावडं! घरटं आहे ते, क्लाइव्ह!"

लॉर्ना वस्तीच्या वनप्रेमी मंडळाची अध्यक्ष होती.

"घरटं कसलं? मेव्हिसचं दार आहे ते."

"दार तुझं असेल, जमीन पक्ष्यांची आहे. आपण इथे पाहुणे आहोत."

"मग एक पाहुणा तुझ्याकडे ने ना!"

"माझं नशीब कुठलं एवढं थोर," लॉर्नाने सुस्कारा सोडला. तिच्या अंगणात टर्कीला उकरता येऊ नये म्हणून पाचोळ्याखाली तारेची जाळी अंथरलेली होती. गल्लीतल्या प्रत्येक अंगणात होती. जाळी नव्हती ती फक्त क्लाइव्हच्या अंगणात, कारण तो मंडळाच्या सभांना जात नसे, आणि जाळीची चर्चा सभा संपल्यावर चहाच्या वेळी होई.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा ट्रेंट आला. त्याचं पद 'मानव-वन्यजीव सहजीवन अधिकारी' असं होतं. इकडचे अधिकारी फार मोकळे. नकार देतानासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात.

"हे बघा क्लाइव्ह, ढिगात अंडी नसतील तर तुम्ही तो खुशाल हलवा."

"मग बघू या ना अंडी आहेत का."

"बघायला उकरावं लागेल. अंडी असताना उकरणं गुन्हा आहे."

"आणि नसताना?"

"नसताना चालेल. पण ते आधी माहीत पाहिजे."

चाळीस वर्षं बस चालवून क्लाइव्हला गोल फिरणारे रस्ते ओळखता येत होते. "आणि माझी बायको?"

"तिच्या भावना आम्ही समजू शकतो," ट्रेंट म्हणाला. "पक्षी आपल्या खुशीने निघून गेला, तर राखणदार नसलेला ढीग रिकामा समजतात. तोवर त्याला हात लावायचा नाही, हाकलायचं नाही, दचकवायचं नाही." मग त्याने ढिगाभोवती दोरी बांधली आणि शांतता राखण्याची पाटी लावली. टीव्हीने जमीन थरथरते म्हणून तो बंद ठेवण्याची विनंती केली. मागचं दार करकरतं म्हणून क्लाइव्हने मोरीच्या खिडकीतून ये-जा करावी, असंही जाताना सुचवलं.

क्लाइव्हने केंद्रात फोन केला. ऐकून घेऊन मेव्हिस म्हणाली, "म्हणजे बाळंतपण त्या कोंबडीचं आणि माहेरी राहायचं मी?"

"कोंबडी नाही गं, नर आहे तो."

"मग तर झालंच! पसारा घालून दारात बसलाय आणि सगळे त्याचीच बाजू घेतायत. क्लाइव्ह, इथल्या वाटाण्यांना चव नाही, शेजारची बाई झोपेत भाषण करते. मला घरी ने रे."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, पण मेव्हिसने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो फोन ठेवून मोरीत टबाच्या काठावर बसून राहिला. त्याला रडू आलं आणि टर्की दचकेल म्हणून त्याने ते आवरलं.

बुधवारी अग्निशमन दलाचे गृहस्थ हजर झाले. डिसेंबरात सुरू होणारा इकडचा वणव्यांचा उन्हाळा तोंडावर आला होता. घराला लागून वाळका पाचोळा ठेवणं हा गुन्हा होता आणि तो क्लाइव्हच्या नावावर होता. क्लाइव्हला आनंद झाला. त्याने लगेच ट्रेंटला बोलावून दोन्ही कायद्यांची समोरासमोर गाठ घालून दिली. दोघे अंगणात बराच वेळ अतिशय सौजन्याने बोलले. ढीग आणि घर यांच्यात अंतर हवं, यावर दोघांचं एकमत झालं. ढीग हलवता येत नाही, यावरही झालं.

"तेव्हा क्लाइव्ह," ट्रेंट म्हणाला, "घर थोडं मागे घ्यावं लागेल. फक्त पुढची खोली उतरवा."

"ती मेव्हिसची झोपायची खोली आहे!"

"सध्या रिकामीच आहे ना?"

आता मात्र क्लाइव्हची तार सटकली. पण तो ओरडला नाही, कारण दोरीच्या आत ओरडायला बंदी होती. त्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात एक गोष्ट पक्की होती: प्रवाशाला बसमधून ढकलून उतरवता येत नाही, पण मागून रिकामी गाडी आली की तो आपला आपण उतरतो. लॉर्ना त्या दिवशी समुद्रकिनारी एका परिषदेला गेली होती. विषय होता 'वन्यजीवांना घर देऊ या'. तिची नवी विजेची मोटार अंगणातल्या छपराखाली होती. सावली छान, फरशी सपाट, आणि जाळी तेवढी तिथेच नव्हती.

क्लाइव्हने नगरपालिकेला फोन करून लॉर्नाच्या पत्त्यावर एक ट्रक भुगा मागवला. एवढ्याने जीव शांत होईना, म्हणून दुसराही मागवला. वर कुजका भोपळा आणि आठवड्याच्या केळ्यांच्या साली आपल्या हाताने पसरल्या. शेजाऱ्याला खत देण्यावर कुठल्याच कायद्यात बंदी नाही.

टर्कीने कुंपणावर चढून मान तिरकी केली, नव्या मालाकडे पाहिलं, आणि उडी मारली. गुरुवारी दुपारी ट्रेंटने 'स्वखुशीने स्थलांतर' असा शेरा मारून दोरी सोडली. क्लाइव्हने अंधार पडेपर्यंत ढीग उपसला आणि शुक्रवारी मेव्हिस उतारावरून घरात आली. "बाई गं, पडदे किती मळलेत!" असं ती म्हणाली, आणि क्लाइव्हला इतकं बरं वाटलं की तो पडदे धुवायलाच निघाला.

रविवारी लॉर्ना परतली, तेव्हा मोटारीचा फक्त आरसा दिसत होता आणि त्यात टर्की स्वतःला न्याहाळत होता. तिने तातडीची सभा बोलावली आणि पक्षी जंगलात नेऊन सोडावा, असा ठराव मांडला. सभा हादरली. एवढी निर्दय बाई आपली अध्यक्ष होती, याची लोकांना लाज वाटली. सर्वांत जास्त लाज क्लाइव्हला वाटली. तो इतकं पोटतिडकीने बोलला की लोकांनी त्याला तिथल्या तिथे अध्यक्ष केलं. सभेनंतर चहाच्या वेळी त्याने जाळीचं दुकान विचारून घेतलं.

लॉर्ना आता बसने कामावर जाते. ती नगरपालिकेत फार रडली, तेव्हा ट्रेंटने नियमात एक वाट काढली: कुणी स्वतःचं अंगण देऊ केलं, तर पक्ष्याला समारंभाने तिकडे बोलावता येईल. मंडळाने तसं जाहीर आवाहन केलं. जगभरातून पत्रं आली. लॉर्नाबद्दल कळवळा, क्लाइव्हचा निषेध, पक्ष्याला आशीर्वाद, सगळं त्यांत होतं. वाचकहो, तुमचंही मन भरून आलं असेल तर जरूर लिहा. फक्त तुमचा पत्ता तेवढा घाला; आजवर आलेल्या एकाही पत्रावर तो नव्हता.