साधी शिकार, सर्व साहित्यासह

माणूस जितकं साधं राहायचं ठरवतो, तितकी त्याच्या घरातली जागा अपुरी पडत जाते, हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे.

ओहायोच्या डोंगराळ भागात राहणारा मर्विन डीट्रिक हा अशा समाजाचा जबाबदार घटक होता. शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावणं हे त्याचं काम, आणि हरीण न मारणं हा अनेक वर्षांचा परिपाठ. आधुनिक रायफलीने त्याने आजवर कुंपणाचा एक खांब आणि स्वतःच्याच ट्रकचा आरसा टिपला होता (दोन्ही कायदेशीर हंगामात). दर हिवाळ्यात त्याचा मेहुणा ड्वेन हरणाच्या मटणाचं पुडकं आणून देई आणि म्हणे, "ताई, तुझी आबाळ नको म्हणून." ताई म्हणजे मर्विनची बायको लोरेटा. पुडकं फ्रीझरमध्ये ठेवताना ती नवऱ्याला काहीच बोलत नसे. मर्विनला ते जास्त लागे.

जानेवारीत तिथे ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगीसाठी मागे स्फोटक टोपी बसवायची आणि एक बार काढायचा. हुकला की सगळं पहिल्यापासून. हा हंगाम पूर्वजांच्या साधेपणाच्या सन्मानार्थ ठेवलेला आहे, असं मर्विनचं मत झालं. त्या परगण्यात दर दहा पुरुषांमागे अकरा जणांचं हेच मत आहे.

तो ग्लेन ऑल्टहाउसच्या दुकानात गेला.

"साधी बंदूक दे. माझ्या पणजोबांकडे होती तसली."

"मग वर दुर्बीण लागेल," ग्लेन म्हणाला.

"पणजोबांकडे दुर्बीण होती?"

"नव्हती ना. म्हणून बिचारे जवळ जाऊन मारायचे. तुला जवळ जायचंय?"

मर्विनला जवळ जायचं नव्हतं.

यापुढचं सगळं तर्काला धरूनच झालं. दुर्बिणीतून हरीण दिसतं, पण ते किती लांब आहे हे कळत नाही, म्हणून अंतर मोजायचं यंत्र. दारूसाठी माप, आणि मापाची कटकट नको म्हणून आधीच मोजलेल्या दारूच्या वड्या. गोळी नळीत शिरावी म्हणून ठोकणा, शिरलेली गोळी अडकली तर उपसायला स्क्रू (शहाणी माणसं दोन्ही एकदमच नेतात). हरणाला माणसाचा वास येतो म्हणून बिनवासाचा साबण. माणसाला अजिबात वास नाही हेही रानात संशयास्पद ठरतं, म्हणून वर ओल्या पाचोळ्याच्या वासाचा फवारा. आणि हे सगळं पणजोबांसारखं पाठीवर टाकून नेता यावं म्हणून चाकांची पेटी.

"हे काय आणलंस?" लोरेटाने विचारलं.

"साधेपणा."

"बरं. गॅरेजात ठेव. मी माझी गाडी बाहेर काढते."

हंगामाच्या पहिल्या सकाळी मर्विन बर्फाने भरलेल्या उतारावर ओकच्या झाडाला बांधलेल्या मचाणावर बसला. बंदूक मांडीवर उभी, नळी आभाळाकडे. नियमाने अगदी योग्य. बर्फ पडत होतं. बोटं बधिर झाली, कॉफी गार झाली, आणि मग खालच्या झुडपातून एक हरणी आली. साबण आणि फवारा, दोन्ही उत्तम निघाले. ती थेट मचाणाखाली येऊन सालं कुरतडू लागली. इतक्या जवळ दुर्बिणीत नुसती तपकिरी लव दिसत होती.

ड्वेन दारात पुडकं घेऊन उभा आहे आणि लोरेटा त्याला म्हणतेय, 'यंदा नको रे, आमच्या फ्रीझरमध्ये जागा नाही,' असं मर्विनला स्पष्ट ऐकू आलं. त्याने चाप ओढला.

टिक.

बार उडाला नाही तर बंदूक काही वेळ तशीच रोखून धरावी, असा नियम आहे, कारण दारू उशिराने पेटू शकते. मर्विनने नियम पाळला. हरणीने मान वर करून पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिने मागच्या पायाने कान खाजवला. मग त्याने हातमोजे काढून बंदुकीला नवी टोपी बसवली आणि पुन्हा चाप ओढला. पुन्हा टिक. नळीत पडलेलं बर्फ वितळून दारूची लापशी झाली होती. हरणीने उरलेली सालं संपवली आणि ती चालत निघून गेली. पळण्यासारखं काही कारण तिला दिसलं नाही.

त्या रविवारी ड्वेन पुडकं घेऊन आला. लोरेटाने रस्सा केला. मर्विनने दोन वाडगे खाल्ले.

"छान झालाय," तो म्हणाला.

"ड्वेनला सांग," लोरेटा म्हणाली. त्या पुडक्यावरून ती आज पहिल्यांदाच बोलली.

हे वाचताना मर्विनला हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. फक्त मघाशी, बर्फ पडत असताना, 'अरे, नळीच्या तोंडाला एखादं झाकण लावायचं ना' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्या माहितीसाठी: तसं झाकण मिळतं. तीन रंगांत येतं. ग्लेनचं दुकान रविवारीही उघडं असतं.