वत्सलाचं नाक

आमच्या गल्लीत कोणाकडे बाळ आलं की वत्सला येते, चप्पल काढते, हातपाय धुते आणि कोणाशी एक शब्द बोलायच्या आधी बाळाचं तोंड हुंगते. मुलगा आहे की मुलगी, गोरं आहे की काळं, तिला घेणंदेणं नाही. हुंगून झालं की म्हणते, "हं. आता बोला."

हे नाक सगळ्या दर्यापुराला माहीत आहे. दूधवाल्याच्या कॅनवर वाकून ती सांगते की म्हशीला आज सरकीची ढेप मिळाली नाही. एकदा अंजनगावची जीप भरून निघाली होती, तर हिनं ड्रायव्हरला खाली उतरवलं. "तंबाखूचा खर्रा थुक, चूळ भर, मंग गाडी चालू कर." त्यानं भरली. माणसं काहीही सांगतात, नाक खरं सांगते, असं तिचं म्हणणं.

दवाखान्यानं आता या नाकाला काम दिलं आहे. ज्या बायांनी आपली लेकरं अंगावर पाजून वाढवली, अशा गल्लीगल्लीतल्या बाया गोळा केल्या, शिकवलं आणि नव्या बाळंतिणींच्या घरी पाठवायला सुरुवात केली. गळ्यात कार्ड, त्यावर 'माय-मैत्रीण'. पगार नाही. इथंच मला शंका आली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण फुकट कोणी कोणाच्या दारी रोज येत नाही एवढं मला कळतं. दवाखान्याला घरातल्या बातम्या पाहिजेत आणि वत्सला त्या पुरवते, असं मी धरून चालले होते.

मग आमच्याच घरी पाळणा हलला. नातसून पल्लवीला मुलगी झाली. सून शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसभर बाळंतिणीजवळ मीच. पोरीचं वजन जन्मल्यापासून उतरत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारी परत वजन करू, नाही वाढलं तर अमरावतीला पाठवावं लागेल. पल्लवीच्या डोळ्याचं पाणी खळेना. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, वत्सला हजर.

तिच्या थैलीत दवाखान्यानं दिलेलं, लोकरीनं विणलेलं थान होतं, आईच्या छातीसारखं. बाळाच्या तोंडात कसं द्यायचं ते दाखवायला. तिनं ते खाटेवर ठेवलं आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात माझा नातू, पोरीचा बाप, आला, त्याला वाटलं टोपी आहे. त्यानं ती पोरीच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, "आजी, वरती गोंडा बी आहे." पल्लवी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

वत्सला परत आली, वाकली, पोरीचं तोंड हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं. पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्यामागं स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "काकू, गाय कुठं बांधली?"

"कोणती गाय?"

"जिचं दूध लेकराच्या तोंडाले लागलं."

मी म्हटलं, "तुले काय करा लागते? मी चार वाढवले." खरं असं होतं की पल्लवी आंघोळीला गेली की मी गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून चांदीच्या बोंडल्यानं पोरीला पाजत होते. माझ्या सासूचं बोंडलं. माझी चारही त्याच्यावर वाढली. पल्लवीला दूध पुरत नाही असं मला वाटत होतं, आणि ते तिच्या तोंडावर सांगण्यापेक्षा हे बरं.

"पाण्यानं पोट भरलं तं आईले काहून ओढीन ते? अन् ओढलं नाही तं दूध येईन कुठून?" वत्सला म्हणाली. "सोमवारपर्यंत मले द्या. बोंडलं कुठं आहे?"

तांदळाच्या डब्यात होतं. तिनं ते स्वतःच शोधून काढलं, नाकानं की कशानं देव जाणे, आणि आपल्या थैलीत टाकलं. माझ्या मनात आलं, घ्या, पुरावा गेला दवाखान्यात.

त्यानंतर ती दोन्ही वेळा यायची. पल्लवीच्या पाठीशी उशी लावायची, पोरीचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायची, मग घोट मोजत बसायची. मी दारामागून ऐकायचे. शुक्रवारी तिला दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. वत्सला म्हणाली, "हो, बाहेरचं गेलं होतं पोटात. बंद केलं. आता ओढून राहिली." पलीकडचं ऐकलं आणि म्हणाली, "कोणं दिलं त्याच्याशी तुमाले काय करा लागते, सिस्टर? वजन पाहा सोमवारी."

माझं नाव घेतलं नाही. त्यानं माझा संशय वाढलाच. नाव राखणारी बाई पुढं काहीतरी मागणार.

शनिवारी ती मोरीत असताना मी थैली उघडली. बोंडलं काढून घ्यायचं होतं. ते होतं, पण त्याच्याखाली गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. म्हटलं हिचं खरं प्रकरण इथं आहे. गाठ सोडली. आत बाळाचं एक टोपरं, वापरलेलं, न धुतलेलं. मी हुंगून पाहिलं. प्लास्टिकचा वास.

वत्सला दारात उभी होती. "त्याच्यात आता काई नाही उरलं, काकू."

पुण्याला तिचा नातू आहे, टोपरं त्याचं. त्याच्या जन्माच्या वेळी ही गेली होती. सुनेला दूध कमी, हिनं बाळाचं तोंड हुंगलं आणि विहिणीसमोर, आल्यागेल्यांसमोर सांगून टाकलं, "डब्याचं पाजून राहिली हे." सून रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी मुलानं हिला गाडीत बसवून दिलं. त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली, परत बोलावणं नाही.

"खरं होतं ना पण?" मी विचारलं.

"खरंच होतं," ती म्हणाली. "मले कोणं इचारलं होतं?"

तिनं पिशवीला परत गाठ मारली. मी बोंडलं काढायला आले होते हे तिला कळलं असणारच. मी ते थैलीतच राहू दिलं.

सोमवारी वजन वाढलं. फार नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अमरावतीचं काम नाही. संध्याकाळी वत्सला आली ती दारापर्यंतच. दवाखान्याच्या कागदावर पल्लवीची सही घेतली आणि निघाली.

मी म्हटलं, "आज हुंगलं नाही तू."

"आता काय काम आहे, काकू? वाढलं तं."

"काम काई नाही. ये, हुंग."

तिनं हातपाय धुतले, पोरीला उचललं आणि तोंड सोडून टाळूवर नाक ठेवलं. वासाला इतका वेळ लागत नाही. मी चहा टाकायला आत गेले, आणि साखर समोर असूनही शोधत बसले.

बोंडलं तिनं अजून परत दिलेलं नाही. ते आणायला म्हणून मी आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाते. पोरीला घेऊन जाते. येताना बोंडलं तिथंच राहतं.