चंद्राकरिता राखून ठेवलेले पोते

सन १९३६ च्या मे महिन्यात अकोल्यास चंद्रावरची सरकी उगवली. पुढे चौकशीअंती ती उगवली नाही असे ठरले. तेव्हा असे काही घडलेच नाही हे ध्यानात ठेवून वाचावे.

बी कुठे पडावे हे शेतकऱ्याच्या हातात असते, पण ते कुठे उगवावे हे कचेरी ठरवते. अमरावतीचे वकील बापूसाहेब यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला. काळे डाग दिसले. वऱ्हाडी माणसाला काळे दिसले की ती कपाशीची जमीन! तिथे कपाशी पेरावी, असा अर्ज त्यांनी अकोल्याच्या शेतकी कचेरीत ठोकला. सदर जमीन अमावास्येस शिल्लक राहत नाही, सबब पेरणी शुद्ध पक्षात उरकावी, एवढीच दुरुस्ती खात्याने सुचवली. (तिथे जायचे कसे, हा प्रश्न सडका बांधणाऱ्या खात्याचा.)

बियाणे हाताशीच होते. अकोल्याजवळच्या पुंजाराम शेतकऱ्याने घरची निवडक सरकी, होती नव्हती ती सगळी, तपासणीसाठी कचेरीत दिली होती. त्या पोत्यावर ‘चंद्राकरिता राखीव’ अशी चिठ्ठी लागली. मृग पंधरा दिवसांवर आला तसा पुंजाराम धावत आला.

“शेषराव बाबू, माही सरकी द्या.”

“चंद्रावर पेरून राहिलो आमी तिले,” कारकून शेषराव म्हणाला.

“काहून? माहं वावर काय मेलं?”

“तुमचं वावर खाली हाय, पुंजारामजी. अर्ज वरचा हाय.”

“मंग तन काढाले डवऱ्याचे बैलं वर कोन चढवते?”

“त्याचा रकाना नाही.”

पोते कचेरीच्या बड्या साहेबांच्या खोलीत, वाळ्याच्या पडद्याखाली होते. अकोल्याचे ऊन, पडद्यावर दिवसभर पाणी मारीत. चौथ्या दिवशी पोत्यातून मोड डोकावले. शेषरावने शेरा लिहिला: ‘चांद्र बियाणे उगवले.’ साहेब हादरले. नागपूरची मंजुरी यायची होती, आणि मंजुरीपूर्वी उगवणे नियमबाह्य. शेरा खोडला गेला.

पुंजारामला पोते परत मिळाले. सोबत दाखला: ‘न उगवलेली सरकी, पेरणीस योग्य.’

“अन् हे काय हाय मंग?” त्याने मूठभर सडके मोड नाकाखाली धरले.

शेषरावने दाखला दोनदा वाचला. “कागदावर तं नाही दिसून राहिले.”

मृग आला नि गेला. पुंजारामचे बारा एकर वावर कोरे राहिले.

तरी, चंद्राच्या नादात ज्या वाचकांना या वावराची एकदाही काळजी वाटली नाही, त्यांनी प्रत्येकी पसाभर सरकी घेऊन आठ दिवसांचे आत बांधावर समक्ष हजर राहावे, ही विनंती.