दोनशे चौदा ओळींचा बंदोबस्त

फेब्रुवारी २०२१. मंगळवारी सकाळी ९.१० वाजता आयर्लंडमधल्या नास गावी, घरून काम चालू असताना, स्वयंपाकघरात सारंगच्या लॅपटॉपशेजारी चहा सांडला. कारण फोन. तिथल्याच स्लायगोहून, सहकारी हरीशचा.

"तुझी रिपोर्टवाली फाईल मी झिपच्या टूलने सहज उघडली रे. आतली अख्खी स्क्रिप्ट दिसते. कॉमेंट्ससकट!"

"तू वाचल्यास?"

"दोनदा. मजा आली."

कारखान्याचा रोजचा अहवाल काढणारी ती दोनशे चौदा ओळींची स्क्रिप्ट सारंगने एका फाईलमध्ये पॅक करून सगळ्यांसाठी शेअर्ड ड्राइव्हवर ठेवली होती; हरीश आणि मॅडम यांनी ती आपापल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. ओळींमधल्या टिपा मराठीत होत्या, म्हणजे आयरिश सहकाऱ्यांपासून सुरक्षित. आणि पॅकिंगमुळे मॅनेजर स्नेहलता मॅडमपासूनही, असा त्याचा हिशोब. ओळ १२ : 'मॅडमना तिसऱ्यांदा रंग बदलून हवाय. मॅडम बदलता येतील का?' शुक्रवारी याच मॅडम त्याच्या कायम नोकरीच्या पत्रावर सही करणार होत्या.

"आत्ता बंदोबस्त करतो," सारंग म्हणाला. हरीशला त्याने ती फाईल पुसायला लावली. मग कोडची वाचता न येणारी खिचडी करणारं टूल शोधलं, पूर्ण फोल्डरवर चालवलं आणि १०.४० ला नवी फाईल ड्राइव्हवर जुनीच्या जागी चढवली. टिपा गेल्या. नावांच्या जागी क१, क२ आले.

"बॅकअप?" बायकोने, केतकीने, फरशी पुसता पुसता विचारलं.

"आहे ना. त्याच फोल्डरमध्ये."

केतकीचं फडकं थांबलं. सारंगने बॅकअप उघडला. तिथेही क१, क२.

११.३० ला मॅडमचा फोन आला. "ऑडिटरला रिपोर्टमध्ये एक कॉलम जास्त हवाय. तीनपर्यंत. तुझ्या डाव्या हातचा मळ!"

दीड तास सारंग स्वतःच्याच कोडकडे परक्यासारखा बघत राहिला. क४७ काय करतो, ते त्याला कळेना. जुनी फाईल आता एकाच ठिकाणी होती : मॅडमच्या लॅपटॉपवर. त्याने फोन लावला.

"मॅडम, तुमच्या लॅपटॉपवरची जुनी फाईल मेल कराल? तशीच. न उघडता."

"करून बघितली. मेल असल्या फायली अडवतो."

"मग शेअर्ड ड्राइव्हवर?"

"ऑफिसला जोडणारं माझं व्हीपीएन सकाळपासून झोपलंय. थांब, हरीशला विचारते."

"हरीशला नको!"

फोन ठेवला गेला होता. १.२० ला मॅडमचा मेसेज आला : 'हरीश म्हणतो, झिपच्या टूलने उघडते. आतला मजकूर कॉपी करून पाठवते. डोन्ट वरी, सगळं ग्रँड!'

१.४१ ला पहिल्या अकरा ओळी आल्या. २.०५ पर्यंत बारावी आली नव्हती. चॅटवर मॅडम काहीतरी टाइप करताना दिसत होत्या.