सात मिनिटं पुढं

राहुरीत एसटी स्टँडासमोर बन्सी घड्याळवाल्याची टपरी होती. तिथं उभं राहून "पाच वाजले असतील" असं म्हणायची सोय नव्हती. बन्सी लगेच टपरीबाहेर. "असतील म्हंजे? वाजलेत का न्हाई, ते नीट सांगा. यान चुकंल!"

तेव्हा मंगळाकडं निघालेल्या अमेरिकेच्या यानाच्या बातम्या रेडिओवर यायच्या. मी दुसरी पास माणूस, मला सगळं बन्सीनंच समजावलं. इथून यानाला हाक मारायची, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून यान किती लांब ते काढायचं. "तात्या, पापनी लवंस्तवर जरी घड्याळ चुकलं, तर हजारो मैलांचा घोळ. यान गेलं भलतीकडंच!"

रेडिओवर वेळेचे ठोके लागले की शेजारच्या न्हाव्याचा वस्तरासुद्धा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबायचा. एका लग्नात लोकांनी अक्षता उचलल्या आणि हा ओरडला, "थांबा! अजून चाळीस सेकंद हायेत!"

भटजी तापले. "बन्सी, लग्न आहे हे, रॉकेट नाही!"

"म्हनूनच म्हनतो. रॉकेट चुकलं तर दुसरं सोडता येतंय."

मांडव हसत राहिला, तेवढ्यात चाळीस सेकंद सरले.

असल्या माणसाकडं घड्याळ न्यायला मी सहा महिने भ्यालो. बायको गेली आणि घरातलं भिंतीवरचं घड्याळ थांबलं. किल्ली तीच द्यायची. नंतर मी दिली, तर चालेना. माझी नगरची गाडी चुकू नये म्हणून ती ते सात मिनिटं पुढं ठेवायची. मला ते तसंच पाहिजे होतं, आणि बन्सीनं आजवर कुणाचं घड्याळ पुढं राहू दिलं नव्हतं.

शेवटी नेलं. सरळ सांगितलं, "सात मिनिटं पुढं लाव. तिचं हाय."

त्यानं घड्याळ पालथं घालून मागचं झाकण उघडलं.

चार दिवसांनी गेलो. घड्याळ चालू होतं, सात मिनिटं पुढं.

"ठोके ऐकून लावलंय. सात म्हंजे सात. एक सेकंद इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"आन यान चुकलं म्हंजे?"

डोळ्यावरचं भिंग त्यानं काढलंच नाही. "मंगळावरनं हाक इथं यायला सध्या सात मिनिटं लागत्यात, तात्या. म्हनून तिकडचं घड्याळ चुकीचं न्हाई व्हत. लांबचं असतंय." मग हळूच म्हणाला, "किल्ली मी येऊन देत जाईन. रविवारी घरी एकलाच असतो मी."

रविवारी आला. किल्ली दिली, चहा झाला, माझ्या हातची करपलेली भाकरीही खाल्ली. मग आम्ही ओट्यावर बोलत बसलो. किती वाजले, ते त्यानंही विचारलं नाही.