हिराजीनानांची मुकी गाडी

माझ्या दुकानात लोक गाडीला काहीतरी बसवून घ्यायला येतात. हिराजीनाना काढून घ्यायला आले. बॉनेटवरचा झेंडूचा हार अजून सुकला नव्हता, सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं आणि नाना काच खाली करून मला म्हणाले, "सुरेश, हिचा तोंड बंद कर."

"कुणाचं?"

"गाडीचा. पेणपासून बोलतंय."

चोंढी नाक्यावर माझं मोटारींच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हरं, रिव्हर्स कॅमेरे, पायाशी लागणारे निळे दिवे, मान हलवणारा कुत्रा. मांडव्याला बोटीतून गाड्या उतरतात आणि मुंबईकर किहीमला जाता जाता माझ्याकडे थांबतात, त्यावर आमचं घर चालतं. पंचवीस वर्षं हा धंदा केल्यावर त्यात आनंद मानावा असं काही उरत नाही. खरं सांगायचं तर विकतो त्यातला अर्धा माल मी स्वतःच्या गाडीला लावणार नाही. त्यात आमची खारी हवा. शहरात दहा वर्षं चालणारं यंत्र इथं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. विचारलं तर सांगेन, पण कोणी विचारत नाही.

नाना माझे शेजारी. जन्मभर त्यांनी टेंपो चालवला. पांढरा कांदा, वाल, नारळ, कधी बर्फाच्या लाद्या, कधी लग्नाचं वऱ्हाड. त्या टेंपोत बोलणारं यंत्र एकच होतं, ते म्हणजे नाना. टेंपो भंगारात गेला आणि पनवेलला दिलेल्या मुलीनं, संगीतानं, बापाला ही गाडी घेऊन दिली.

हौस म्हणून नाही दिली. काकींना, म्हणजे नानांच्या बायकोला, दोन वर्षांपासून विसरायला होत होतं. आधी आमटीतलं मीठ, मग वार, मग माणसं. दर महिन्याला त्यांना पनवेलच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. संगीताचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, नीट गाडीतून आणा आईला. आणि ज्या दिवशी मला वाटेल तुम्हाला झेपत नाही, त्या दिवशी मी आईला कायमची घेऊन येणार." पनवेलचं घर दोन खोल्यांचं, त्यात जावई, दोन मुलं आणि जावयाची आई. तिथं काकी कशाबशा मावल्या असत्या, नाना मावले नसते. हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कोणी काही बोलत नव्हतं, इतकंच.

तर नानांनी गाडीशी उभा दावा मांडला. पट्टा लावला नाही की ती वाजे. नाना म्हणत, "आयशीनं पन एवढा बजावला न्हाय मना." दोन तास चालवली की पडद्यावर कपाचं चित्र येई आणि विश्रांती घ्या असा सल्ला मिळे. त्याचा नानांना फारच राग. "कापी पी म्हनते! मी चा पितो, ह्ये हिला कोन सांगल?" वायपर आपोआप चालू होत, ते एकदा कावळ्यानं घाण केली म्हणून चालू झाले आणि सगळी काच सारवून निघाली. चाकात हवा कमी आहे असा दिवा लागला की नाना खाली उतरून चाकाला लाथ मारत आणि पुन्हा आत येऊन दिव्याला सांगत, "बराबर हाय." रस्त्याच्या पट्ट्यावरून गाडी सरकली की स्टिअरिंग हाताला हिसका देई. आमच्या अलिबाग-रेवस रस्त्यावर खड्डा चुकवायचा तर पट्टा ओलांडावाच लागतो. म्हणजे खड्ड्यात जा असाच तिचा आग्रह.

रस्ता सांगणाऱ्या बाईवर त्यांचा विशेष दात होता. टेंपोच्या काळातली त्यांची एक गोष्ट होती, ती ते प्रत्येकाला सांगत आणि मला आठवड्याला एकदा. मुंबईचं एक कुटुंब त्या बाईच्या सांगण्यावरून रेवसकडे वळलं आणि ओहोटीच्या वेळी थेट खाजणात जाऊन रुतलं. चारी चाकं चिखलात, वर भरती यायची वेळ, आणि ती बाई आतून सांगतेय, सरळ जा. नानांनी टेंपोला दोर बांधून गाडी ओढून काढली. "बाईनं पोचवला, नानानं काडला," असा त्या गोष्टीचा शेवट असे.

मी त्यांची एकेक यंत्रं बंद करत गेलो. धंद्याच्या विरुद्ध काम, पण शेजारधर्म. गाडी आल्याच्या तिसऱ्याच दिवशी नाना मागच्या बाजूला गेले आणि बंपरवरचे चार गोल सेन्सर बोटानं दाखवून म्हणाले, "ह्ये पन. आन् कॅमेरा पन."

मी म्हटलं, "नाना, हे राहू दे. मी विकतो त्यातलं हे एक खरंच कामाचं आहे."

"तू इकतोस म्हनून कामाचा."

"मागे कोणी आलं तर कळतं."

"मागं तुजी काकी आसते. हातच्या काकनाला आरसा कशाला?"

हे खरं होतं. नानांच्या घराची वाट चिंचोळी. रस्त्यावरून गाडी उलटी आत घ्यावी लागते, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला फणस, शेवटी पडवीचा कट्टा. लग्न होऊन आल्यापासून काकी मागे उभ्या राहून टेंपो आत घेत. डावं-उजवं त्यांना कधी जमलं नाही. त्यांच्या दिशा दोनच. "जरा विहिरीकडं... विहिरीकडं... आता फणसाकडं... येऊ दे, येऊ दे... बास!" मग मागच्या फळीवर दोन थापा. मोठ्या वादळात फणस मुळासकट आडवा झाला, त्यालाही वर्षं झाली. तरी काकी "फणसाकडं" म्हणत आणि नाना बरोबर तिकडे चाक वळवत. आम्ही हसायचो. जित्याची खोड, दुसरं काय.

मी सेन्सरचा कनेक्टर काढला आणि कॅमेऱ्यावर काळी टेप मारली. मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे, बायकोला उन्हातान्हात उभी करतो. काढलेलं सामान डब्यात ठेवायची माझी पद्धत आहे, पण इथं ठेवण्यासारखं काही नव्हतं. एक वायर नुसती लोंबत राहिली. तीही मी गुंडाळून आत खोचली आणि विसरलो.

गौरी-गणपती झाल्यावरची गोष्ट. सकाळी शटर वर करतोय तोच नाना आले. चालत. माझ्या दुकानात गाडीशिवाय ते कधी आले नव्हते.

"सुरेश, तो कॅमेरा परत चालू कर."

मला जरा आनंदच झाला. इतक्या वर्षांत यंत्राच्या बाजूनं मी एकदा तरी जिंकलो होतो. "काय नाना, हरलात ना शेवटी?"

ते स्टुलावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"काल गाडी मागं घेत हुतो. तुजी काकी बोलतेय, येऊ दे, येऊ दे. मी येतोय. रोज ती बास बोलते तवा मी थांबतो. काल बास बोललीच न्हाय."

"मग?"

"मनाच वाटला, लय आलो. पाय दाबला. उतरून बघतो तर तिची पाठ कट्ट्याला टेकलेली. पोटाशी गाडी. चार बोटांचा अंतर. लागला न्हाय काय. आन् ती हातानं दावतेय, येऊ दे, येऊ दे." नानांनी पाणी तसंच खाली ठेवलं. "ती बास इसरली, सुरेश."

तो कनेक्टर मी काढला होता, माझ्या या हातांनी. कामाचा आहे हे मला माहीत होतं, आणि तरी म्हातारा ऐकत नाही म्हणून मी काढून मोकळा झालो होतो.

मी रागानंच म्हटलं, "तेव्हाच सांगत होतो नाना. काढायचं काय अडलं होतं तुमचं?"

तेव्हा कुठे त्यांनी ते सांगितलं. गाडी आणली त्या पहिल्या दिवशी सेन्सर चालूच होते. काकींचा आवाज ऐकू यावा म्हणून नाना काचा खाली ठेवतात. मागे घेताना आतून टुं टुं सुरू झालं, ते काकींनी ऐकलं आणि त्या मधेच गप्प झाल्या. हात खाली घेतला, घरात गेल्या आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"बोलली, आता गाडीच सांगते, तर मी कशाला? दोन दिस जेवली न्हाय. सुरेश, तिला माजा नाव येत न्हाय. पोरीचा येत न्हाय. चूल कुठं हाय ती इचारते. पन गाडी दारात आली का बराबर बाहेर येते. विहिरीकडं, फणसाकडं, सगला बराबर. तेवडाच राहिलाय तिच्याकडं. तो पन ह्या गाडीनं घ्यावा?"

पंचवीस वर्षं मी यंत्रं विकली. ती कुणाचं काय घेतात, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

"संगीताला सांगू नको," नाना म्हणाले. "न्हाय तर ती घेऊन जाईल."

सांगायला हवं होतं का? कदाचित हवं होतं. चार बोटं म्हणजे काही अंतर नाही. आजही मला नीट ठरवता येत नाही. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि दुकान तसंच टाकून त्यांच्याबरोबर निघालो.

कनेक्टरवर हिरवा थर चढला होताच. अर्धा तास घासत बसलो. काकी पडवीत भिजवलेले वाल सोलत होत्या, दाणे टोपलीत आणि सालं पण टोपलीत. मध्येच मला विचारलं, "तू कोनाचा रे?" मी बापाचं नाव सांगितलं. "बरा माणूस," त्या म्हणाल्या. बाप जाऊन माझा अठरा वर्षं झाली.

नाना म्हणाले, "आवाज नको. निस्ता चित्र पायजे."

मी म्हटलं, "आवाज लागणारच नाना. पण गाडीचा नको. मी वेगळा बारीक बझर तुमच्या पायाशी बसवतो, गादीखाली. तुम्हाला कळेल, बाहेर जाणार नाही." गाडीचा मोठा आवाज बंद केला, बझर जोडला, कॅमेऱ्यावरची टेप सोलून काच पुसली. दुकानात इतकं काळजीनं काम मी कधी केलं नसेल.

मग तपासायला आम्ही दोघं गाडीत बसलो, मी शेजारच्या सीटवर. नानांनी गाडी रस्त्यावर नेली आणि उलटा गिअर टाकला. त्या आवाजासरशी काकी उठल्या. टोपली पायानं बाजूला झाली, पदर कमरेला खोचला गेला आणि त्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या.

पडद्यावर त्या पूर्ण दिसत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत.

"जरा विहिरीकडं... विहिरीकडं..."

नाना चाक वळवत होते, पण नजर पडद्यावरून हलत नव्हती. टेंपोच्या आरशात त्यांना मागे कधी काही दिसलं नसणार, फार तर लुगड्याचा काठ. बाकी सगळा आवाजच. पडद्यावर काकी एक हात उंच धरून मागे मागे सरकत होत्या, मान ताठ, वाहतूक आपल्याच हुकमानं चालते अशा थाटात. आणि हसत होत्या. तोंड भरून, एखाद्या नव्या सुनेसारख्या.

"हसते व्हय ही?" नाना म्हणाले. मला नाही, गाडीलाच. "चाळीस वर्सं मागं हुबी राहते. मना वाटायचा वैतागत आसल. सयपाक टाकून यावा लागतो, ऊन आसतंय, पाऊस आसतंय. ही हसायची व्हय?"

"फणसाकडं... येऊ दे, येऊ दे..."

पायाशी बझर बारीक वाजायला लागला. मग भराभर. पडद्यावर लाल रेघ आली. काकी "येऊ दे"च म्हणत होत्या. नानांनी ब्रेक दाबला. गाडी कट्ट्यापासून दोन हात लांब थांबली, दोघांच्या मध्ये काकी सुखरूप. नानांनी काचेतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच म्हणाले, "बास का गो?"

काकींनी क्षणभर विचार केला. "बास," त्या म्हणाल्या, आणि गाडीवर दोन थापा मारल्या.

आम्ही उतरलो. काकी पदर सोडून समोर आल्या, नानांकडे नीट बघितलं आणि पाहुण्याला विचारतात तशा अदबीनं म्हणाल्या, "लांबून आलात वाटता. घरधनी यायचे हायेत अजून. बसा, चा टाकते."

नानांनी मान हलवली. ते दाराशी गेले नाहीत. तिथंच गाडीला टेकून उभे राहिले. मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं नाना मला म्हणाले, "जरा तिरकी लागली काय रं?"

गाडी सरळ होती. दोरी धरून लावावी इतकी सरळ.

"हो," मी म्हटलं, "जरा तिरकी आहे."

"मग परत घेऊ," असं म्हणून ते आत बसले आणि पहिला गिअर टाकून गाडी रस्त्यावर काढायला लागले.