दळवीकाकांचं दोनशे सव्वीस

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की बाकीचे वॉचमनला हाका मारतात. दळवीकाका लिफ्टवर बोट रोखून ओरडतात, "दोनशे सव्वीस लावीन!"

दोनशे सव्वीस म्हणजे राज्यघटनेतलं कलम. त्याच्या जोरावर साध्या नागरिकालाही थेट हायकोर्टात दाद मागता येते. काकांनी ते कबुतरांना लावायची धमकी दिली होती. माझ्या मिक्सरलासुद्धा.

नुसती बडबड असती तर चाललं असतं, पण हा माणूस खरंच कोर्टात गेला! भाजी मार्केटसमोरचा सिग्नल इतक्या झटकन पालटायचा की गुडघेदुखीनं बेजार झालेल्या काकी रस्त्याच्या मधोमध अडकायच्या. त्यावर जनहित याचिका. वकील नाहीच. "माझा गाऱ्हाणा मीच घालतलंय."

मग जिन्यात रोज तालीम. न्यायमूर्ती मी. मला ऑफिसला उशीर होतोय आणि काका वाट अडवून युक्तिवाद करतायत. आम्ही दोघंही मालवणकडचे, त्यामुळे तो युक्तिवाद गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात त्या चालीवर. प्रत्येक मागणीला मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय सुटका नाही. डोकं उठवलं होतं नुसतं!

सुनावणीलाही मला ओढलं. काकांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सवयीनं सुरू केलं, "बा म्हाराजा, म्हाताऱ्याकोताऱ्यांका रस्तो ओलांडूक येळ गावांदे रे म्हाराजा!"

मागच्या बाकावरून माझ्याच तोंडून खणखणीत निघालं, "व्हय म्हाराजा!"

अख्खं कोर्ट माझ्याकडे वळलं. तोंड कुठे लपवू असं झालं. न्यायमूर्ती काकांना एवढंच म्हणाले, "बोला, ऐकतोय."

तारखा पडत राहिल्या. मधेच काकी गेल्या.

"आता पुरे ना काका," मी वैतागून म्हटलं.

"याचिका जनहिताची आसा," ते म्हणाले, "घरची नाय."

शेवटी सिग्नलची वेळ वाढली. रिक्षावाले अजून शिव्या घालतात.

परवा भाजीला निघालो, तर त्याच सिग्नलला रस्त्यात पुढे काका. एरवी दोन-दोन पायऱ्या चढणारा हा ठणठणीत माणूस अगदी लहान लहान पावलं टाकत चालला होता. डावं कोपर जरासं बाहेर, कोणीतरी धरल्यासारखं. ओठ हलत होते.

"सावकाश पलीकडे ने रे हिका, म्हाराजा..."

त्यांना ओलांडून पुढे जाववेना. मागूनच हळू म्हटलं, "व्हय म्हाराजा."